बाबा गुरदित सिंग : एका अटीच्या पूर्ततेसाठी जहाज भाड्याने घेणारा व्यापारी

परदेशात व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला आज व्हिसासाठी अर्ज करताना भांडवलाचा पुरावा, व्यवसायाचा आराखडा, बँकेतील शिल्लक अशा अनेक अटींची पूर्तता करावी लागते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कॅनडात जाऊ पाहणाऱ्या भारतीयांसमोरील अटींची संख्या याहून कमी होती. मात्र त्यांची रचनाच अशी होती की, सामान्य माणसाला त्या पूर्ण करता येऊ नयेत. या अटींपैकी एक अट व्यापारी मार्गाने पूर्ण करता येईल, असा विश्वास बाळगून एक अख्खे जहाज भाड्याने घेणारे व्यापारी म्हणजे बाबा गुरदित सिंग. १९१४ मधील ‘कोमागाता मारू’ जहाजाच्या प्रवासामुळे त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. या प्रवासाची आठवण प्रामुख्याने स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात केली जाते. तथापि, त्याची सुरुवात एका व्यावसायिक योजनेतून झाली होती, याचा उल्लेख तुलनेने कमी होतो.

मलायातील कंत्राटदार

गुरदित सिंग यांचा जन्म १८६० मध्ये पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यातील सरहाली या गावी झाला. हे गाव आता तरनतारन जिल्ह्यात आहे. त्यांचे आजोबा शीख राज्याच्या सैन्यात होते. वडील हुकम सिंग यांनी मलायात जाऊन लहानमोठी कंत्राटे घेण्याचा व्यवसाय सुरू केला होता. गुरदित सिंग यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. शिक्षकाच्या कठोर वागणुकीमुळे त्यांनी लहानपणीच शाळा सोडली. पुढे दूरदेशी असलेल्या वडिलांशी पत्रव्यवहार करता यावा, म्हणून त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने लिहिण्यावाचण्याइतपत शिक्षण मिळवले.

१८८५ मध्ये ते मलायात गेले. मलाया आणि सिंगापूर येथे कंत्राटदार व व्यापारी म्हणून त्यांनी चांगला जम बसवला. त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाऊन व्यवसाय करणाऱ्या भारतीयांना आजच्यासारखा व्हिसा काढावा लागत नसे. पारपत्र आणि व्हिसाची सार्वत्रिक पद्धत पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली, तर भारतात येणाऱ्यांसाठी पारपत्र सक्तीचे करणारा कायदा १९२० मध्ये संमत झाला. त्यामुळे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणे, तेथे भागीदार शोधणे, कंत्राट मिळवणे हा गुरदित सिंग यांच्या दृष्टीने नित्याचा व्यवहार होता. राणी व्हिक्टोरिया यांच्या १८५८ च्या जाहीरनाम्याने साम्राज्यातील भारतीय प्रजेला समान वागणुकीचे आश्वासन दिले होते आणि परदेशी राहणारे अनेक भारतीय त्यावर विसंबून होते.

स्वतः संपन्न असूनही गावाकडील परिस्थितीची त्यांना जाणीव होती. सरकारी अधिकारी दौऱ्यावर आले की, गरीब गावकऱ्यांना विनामोबदला राबवून घेतले जाई. या वेठबिगारीविरुद्ध गुरदित सिंग यांनी १९११ च्या सुमारास सरकारकडे तक्रार केली. तिची दखल घेतली गेली नाही, तेव्हा त्यांनी असे काम नाकारण्याचे आवाहन गावकऱ्यांना केले. आधी अर्ज करायचा, नियमांच्या चौकटीत दाद मागायची आणि तेवढ्याने भागले नाही, तर उघडपणे नकार द्यायचा, हा त्यांच्या स्वभावाचा क्रम पुढील काळातही दिसून आला.

अटींची भिंत

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड कापण्याचे कारखाने, रेल्वेची कामे आणि शेती यांसाठी मजुरांची गरज होती. १९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार भारतीय तेथे पोहोचले. त्यांत पंजाबमधील शीख शेतकरी आणि निवृत्त सैनिकांचा भरणा मोठा होता. स्थानिक गोऱ्या रहिवाशांमध्ये आशियाई लोकांविरुद्ध असंतोष वाढू लागला आणि त्यांना रोखण्याची मागणी जोर धरू लागली. चिनी लोकांवर डोईपट्टी लादण्यात आली होती. १९०३ पासून ती पाचशे डॉलर इतकी होती. जपानशी स्वतंत्र समझोता करण्यात आला. भारतीय मात्र ब्रिटिश प्रजाजन होते. त्यांना उघडपणे बंदी घातल्यास भारतात असंतोष उसळेल, अशी भीती लंडनमधील सरकारला वाटत होती.

यावर तोडगा म्हणून कॅनडा सरकारने जानेवारी १९०८ मध्ये एक आदेश काढला. आपल्या जन्मदेशातून अथवा नागरिकत्वाच्या देशातून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर, वाटेत न थांबता सलग प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश मिळेल, असे या आदेशात म्हटले होते. त्यात भारताचा उल्लेख कोठेही नव्हता. परंतु भारतातून कॅनडाला असे थेट तिकीट देणारी जहाजसेवा त्या काळी उपलब्ध नव्हती. कॅनेडियन पॅसिफिक या कंपनीला अशी तिकिटे देणे शक्य होते. तथापि, ती देऊ नयेत, अशी सूचना सरकारने कंपनीला केली. त्याच वर्षी आणखी एक अट घालण्यात आली. आशियातून येणाऱ्या प्रत्येकाजवळ रोख दोनशे डॉलर असणे बंधनकारक करण्यात आले. मजुरी करून पोट भरण्यासाठी निघालेल्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती.

१९१३ च्या उत्तरार्धात ‘पनामा मारू’ या जहाजातून आलेल्या भारतीयांना अडवण्यात आले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९१३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती गॉर्डन हंटर यांनी हे आदेश मूळ कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय देऊन प्रवाशांची सुटका केली. या निकालाची वार्ता पूर्व आशियातील बंदरांमध्ये पोहोचली. तेथे कॅनडाला जाण्याच्या आशेने अनेक पंजाबी तरुण अडकून पडले होते. दरम्यान, कॅनडा सरकारने डिसेंबर १९१३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांवर कारागीर व मजुरांना उतरण्यास मनाई केली. जानेवारी १९१४ मध्ये आधीचे आदेश न्यायालयात टिकतील अशा शब्दांत नव्याने जारी करण्यात आले.

तिकीट नाही, तर जहाज

जानेवारी १९१४ मध्ये गुरदित सिंग व्यवसायाच्या कामासाठी हाँगकाँगला आले. तेथील गुरुद्वारात त्यांची या तरुणांशी भेट झाली. कोणी घरची जमीन गहाण ठेवून निघाले होते, कोणी पोलीस वा पहारेकरी म्हणून काम करून पैसे साठवले होते. जहाज कंपन्या त्यांना तिकीट देत नव्हत्या. व्यापारी असलेल्या गुरदित सिंग यांना या अडचणीत एक संधीही दिसली. भारतीयांच्या मालकीची थेट जहाजसेवा सुरू झाली, तर सलग प्रवासाची अट पूर्ण होईल, प्रवाशांना त्यांच्या हक्काचा मार्ग मिळेल आणि हा व्यवसाय किफायतशीरही ठरेल, असा त्यांचा हिशेब होता. जाताना प्रवासी आणि कोळसा न्यायचा, परतताना कॅनडातील लाकूड आणायचे, अशी त्यामागील योजना होती. या सेवेला त्यांनी गुरू नानक यांचे नाव दिले.

कोलकात्याहून जहाज सोडण्याचा त्यांचा प्रारंभीचा विचार प्रत्यक्षात येऊ शकला नाही. अखेर मार्च १९१४ मध्ये त्यांनी हाँगकाँगमधील एका जर्मन दलालामार्फत ‘कोमागाता मारू’ हे जपानी मालकीचे जहाज सहा महिन्यांच्या भाडेकरारावर घेतले. १८९० मध्ये ग्लासगो येथे बांधलेले हे जुने मालवाहू जहाज होते. त्यात प्रवाशांसाठी लाकडी बाके बसवण्यात आली आणि शीख प्रवाशांसाठी गुरू ग्रंथ साहिबची स्थापना करण्यात आली. जहाजाचे भाडे ठरावीक मुदतीत, हप्त्यांनी भरायचे होते. तिकीटविक्रीतून आणि मालाच्या विक्रीतून येणाऱ्या पैशांवर हे सारे गणित अवलंबून होते.

या योजनेत एक मूलभूत त्रुटी होती. जहाज भारतातून निघत नसल्याने जन्मदेशातून सलग प्रवासाची अट अक्षरशः पूर्ण होत नव्हती. गुरदित सिंग यांची भिस्त न्यायमूर्ती हंटर यांच्या निकालावर होती. त्या निकालातील त्रुटी नव्या आदेशांनी आधीच दूर करण्यात आल्या होत्या. मजुरांवरील मनाईची मुदत ३१ मार्चला संपणार होती. जहाज निघण्यापूर्वीच ती वाढवण्यात आली. अवैध प्रवासाची तिकिटे विकल्याच्या आरोपावरून हाँगकाँगमध्ये गुरदित सिंग यांना अटकही झाली होती. मात्र जहाज अडवण्याइतका कायदेशीर आधार तेथील गव्हर्नरांना मिळाला नाही आणि त्यांना निघण्याची परवानगी देण्यात आली.

४ एप्रिल १९१४ रोजी १६५ प्रवाशांसह जहाजाने हाँगकाँग सोडले. शांघाय आणि जपानमधील मोजी व योकोहामा या बंदरांवर आणखी प्रवासी चढले. मोजी येथे विक्रीसाठी कोळसा भरण्यात आला. ३ मे रोजी योकोहामाहून निघताना जहाजावर ३७६ प्रवासी होते. त्यांत ३४० शीख, २४ मुस्लिम आणि १२ हिंदू होते. गुरदित सिंग यांचा लहान मुलगा बलवंत हाही वडिलांसोबत होता.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर

२३ मे रोजी जहाज व्हँकूव्हरच्या बंदरात पोहोचले. प्रवाशांना उतरू देण्यात आले नाही. आधीपासून कॅनडात वास्तव्य असलेले वीस प्रवासी तसेच जहाजावरील डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय यांनाच पुढे प्रवेश मिळाला. उर्वरित प्रवाशांच्या भोवती बोटींचा पहारा बसवण्यात आला.

गुरदित सिंग यांचे स्वतःचे प्रकरण इतर प्रवाशांपेक्षा वेगळे होते. मजूर आणि कारागीर यांना उतरण्यास मनाई करणारा आदेश त्यांना लागू होत नव्हता. आपण व्यापारी आहोत, जहाज आपण भाड्याने घेतले आहे, कोळसा विकणे आणि परतीचा माल खरेदी करणे हा आपला व्यवसाय आहे, त्यासाठी किनाऱ्यावर जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. व्हँकूव्हरमधील आप्रवासन अधिकारी माल्कम रीड यांनी त्यांनाही उतरू दिले नाही. माल उतरला नाही, त्यामुळे पैसा आला नाही आणि पैशांअभावी भाड्याचा हप्ता थकला. वकिलांना मोकळेपणाने भेटणेही त्यांना शक्य होत नव्हते. प्रवाशांच्या प्रवेशाबाबत निर्णय देणाऱ्या चौकशी मंडळाचे कामही अत्यंत संथ गतीने चालले. निर्णय लवकर झाला असता, तर प्रकरण तातडीने न्यायालयात नेता आले असते. विलंबाचा प्रत्येक दिवस मात्र भाडेकरार मोडीत निघण्याच्या दिशेने जात होता.

या संकटात किनाऱ्यावरील भारतीय समाज धावून आला. हुसेन रहीम, सोहनलाल पाठक, भाग सिंग, बलवंत सिंग आदींच्या समितीने सभा घेतल्या आणि वर्गणी गोळा केली. लाकडाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांनी आपली बचत दिली. सुमारे २२ हजार डॉलर उभे राहिले आणि भाड्याचा थकलेला हप्ता चुकता करून जहाजाचा करार समितीने आपल्याकडे घेतला. एडवर्ड बर्ड या वकिलांनी प्रवाशांची बाजू लढवली.

अखेर मुन्शी सिंग या तरुण शेतकऱ्याचे प्रकरण नमुना म्हणून न्यायालयात नेण्याचे ठरले. ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयातील पाच न्यायाधीशांनी ६ जुलै रोजी एकमताने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. नव्या शब्दांत मांडलेले आदेश वैध ठरले आणि प्रवाशांचा कायदेशीर मार्ग बंद झाला.

त्यानंतर परतीच्या प्रवासासाठी पुरेसे अन्न व पाणी मिळावे, अशी मागणी प्रवाशांनी केली. ते मिळेपर्यंत जहाज हलू द्यायचे नाही, असा निर्धार करून त्यांनी जहाजाचा ताबा घेतला. १९ जुलैच्या पहाटे सुमारे दीडशे पोलीस व अधिकारी ‘सी लायन’ या बोटीतून जहाजावर चालून गेले. विक्रीसाठी आणलेला कोळसा प्रवाशांनी प्रतिकारासाठी वापरला. कोळशाच्या माऱ्यापुढे बोटीला माघार घ्यावी लागली. दोन दिवसांनी ‘रेनबो’ ही युद्धनौका बंदरात आणण्यात आली. वाटाघाटींनंतर सरकारने शिधा पुरवला आणि २३ जुलै रोजी, दोन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर, ‘कोमागाता मारू’ने व्हँकूव्हर सोडले.

बज बजचा गोळीबार

जहाज प्रशांत महासागरात असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. हाँगकाँग आणि सिंगापूर येथे उतरण्यास प्रवाशांना मज्जाव करण्यात आला. यांतील अनेकांची उपजीविका याच बंदरांमध्ये होती. प्रवासात गदर चळवळीचे कार्यकर्ते जहाजावर येऊन गेल्यामुळे ब्रिटिश सरकार या प्रवाशांकडे संशयाने पाहत होते. सप्टेंबरच्या प्रारंभी भारत सरकारने एक अध्यादेश काढून बाहेरून येणाऱ्यांच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

२९ सप्टेंबर १९१४ रोजी जहाज कोलकात्याजवळ हुगळी नदीच्या काठावरील बज बज येथे लावण्यात आले. प्रवाशांना थेट पंजाबला नेण्यासाठी खास रेल्वेगाडी उभी होती. सुमारे साठ जण गाडीत बसले. इतरांनी नकार देऊन गुरू ग्रंथ साहिब घेऊन कोलकात्याच्या दिशेने पायी चालण्यास सुरुवात केली. त्यांना अडवून परत आणण्यात आले. संध्याकाळी बज बज स्थानकाजवळ झालेल्या झटापटीत गोळीबार झाला. अधिकृत नोंदीनुसार त्यात २० प्रवासी मृत्युमुखी पडले. अनेकांना अटक झाली. गुरदित सिंग अंधारात निसटले. या धावपळीत त्यांची आणि मुलाची ताटातूट झाली.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने डिसेंबर १९१४ मध्ये अहवाल सादर केला. त्यात घटनेचा मुख्य दोष गुरदित सिंग यांच्यावर ठेवण्यात आला. ज्यांच्यावर ठपका आला, त्यांची बाजू ते भूमिगत असल्याने समितीसमोर आलीच नाही. पुढील सात वर्षे त्यांनी नाव आणि वेश बदलून देशाच्या विविध भागांत काढली. अखेर महात्मा गांधी यांच्या सल्ल्यानुसार १५ नोव्हेंबर १९२१ रोजी, गुरू नानक जयंतीच्या दिवशी, नानकाना साहिब येथे ते उघडपणे पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यानंतर त्यांना कारावास भोगावा लागला. जहाजाच्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केला. समितीसमोर न मांडली गेलेली त्यांची बाजू त्यामुळे लोकांपर्यंत पोहोचली. १९३७ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून त्यांनी पंजाब विधानसभेची निवडणूक लढवली. तीत अकाली दलाचे प्रताप सिंग कैरों यांनी त्यांचा पराभव केला.

उशिरा उघडलेले दार

सलग प्रवासाची अट कॅनडाने १९४७ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना मतदानाचा हक्क मिळाला. १९५१ मध्ये झालेल्या करारानुसार भारतातून दरवर्षी १५० जणांना कॅनडात स्थायिक होण्याची मुभा देण्यात आली. एका जहाजावर जितके प्रवासी होते, त्यांच्या निम्म्याहूनही ही संख्या कमी होती. १ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बज बज येथे हुतात्म्यांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. हे स्मारक गुरदित सिंग यांच्या हयातीतच उभे राहिले. २४ जुलै १९५४ रोजी अमृतसर येथे त्यांचे निधन झाले.

पुढे कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी २००८ मध्ये या घटनेबद्दल एका सार्वजनिक कार्यक्रमात माफी मागितली. ही माफी संसदेत मागितली जावी, अशी तेथील भारतीय वंशाच्या नागरिकांची मागणी होती. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी कॅनडाच्या संसदेत औपचारिक माफी मागितली. घटनेच्या शताब्दीनिमित्त भारत सरकारने २०१४ मध्ये विशेष नाणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये त्याच कॅनडाने जगभरातील नवउद्योजकांना आकर्षित करण्यासाठी स्टार्टअप व्हिसा योजना सुरू केली होती.

गुरदित सिंग यांची जहाजसेवा एका फेरीपुढे गेली नाही आणि परतीसाठी कॅनडातील लाकूडही त्यांना भरता आले नाही. व्यावसायिकदृष्ट्या ही योजना पूर्णतः अपयशी ठरली. नियमाचा अर्थ लावण्यात त्यांच्याकडून जोखीम पत्करली गेली आणि तिची किंमत प्रवाशांनाही मोजावी लागली, हे नाकारता येत नाही. तथापि, कोणत्याही देशाचे नाव न घेता तयार केलेला नियम प्रत्यक्षात कोणासाठी आहे, हे या एका प्रवासाने साऱ्या जगासमोर आणले. सलग प्रवासाची अट कागदावर सर्वांसाठी समान होती. ती पूर्ण करण्यासाठी लागणारे तिकीट मात्र भारतीय प्रवाशाला मिळू नये, याची काळजी सरकारनेच घेतली होती. गुरदित सिंग यांनी तिकिटाऐवजी जहाजच उभे केले, तेव्हा ही गोष्ट लपवणे कोणालाही शक्य झाले नाही.